कुंकू लावलेलं पाकीट

प्रिय रुची ताय,

पत्र बघून घाबरू नको, घरी सगळे धडधाकट हायेत. फोनच केला असता, पण फोनवर माझं तोंड सुटतं आणि तुला वाटतं मी मस्करीच करतोय. दहावीच्या पेपरानंतर आज पहिल्यांदा पेन धरलाय. अक्षराला हसू नको.

आधी चांगली बातमी. तुझ्या कॉलेजातून मार्कांचं नवीन पाकीट काढलं. सहा खेपा झाल्या. खिडकीतले काशीराम काका आधी मला बघितलं की खिडकी लावायचे, आता चहा पाजतात. त्यांनी माझ्यासमोर पाकीट चिकटवलं, त्याच्या तोंडावर सही केली, वरून शिक्का मारला. मी ते घरी आणलंच नाय. तसंच कुरिअरला दिलं, सरळ त्या कॅनडातल्या ऑफिसच्या पत्त्यावर. पावती सोबत जोडलीय.

आई बाजारात बसते, पण पहिल्यासारखी भांडत नाय. परवा एका बाईने तिच्या पापलेटला शिळं म्हटलं, आणि आई गप्प! शेजारच्या भीमाबाईने मला बाजूला घेऊन विचारलं, शांतीला डॉक्टरकडे नेलं का? मामाच्या नव्या होडीचे कागद आले, तर आईने हातपण लावला नाय. मामीला बोलली, तूच लाव कुंकू, माझा हात चांगला नाय. तुला म्हायतीय ना, आपल्याकडे चांगला कागद आला की आधी एकवीरेपुढे जातो. तुझ्या बारावीच्या निकालावर अजून आईच्या कुंकवाच्या बोटाचा डाग हाय.

मला सगळं कळतं गं. साडेचार वर्षं शिकून तू फिजिओ झालीस, आणि तिकडे म्हाताऱ्यांना आंघोळ घालतेस, कारण ते ऑफिस तुझी डिग्री खरी हाय असं बोलत नाय तोपर्यंत तुला तुझं काम करता येत नाय. त्यांनी पहिलं पाकीट परत पाठवलं, शिक्क्यावर डाग हाय, पाकीट उघडल्यासारखं वाटतंय म्हणून. तेव्हा तू आईला बोललीस, तुझ्या कुंकवाने माझं वर्ष खाल्लं. त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून तू मलाच मेसेज टाकतेस. आई रोज विचारते, जेवते का ती? मी सांगतो, जेवते.

तुला आठवतं, मी तुझ्या दप्तरात जिवंत चिंबोरी टाकलेली? तिने नांगीत तुझी रिबीन धरली आणि तू वर्गभर नाचलीस. घरी तू आईला सांगितलं की चिंबोरी आपणहूनच आत गेली असेल. मला मार पडू नये म्हणून. तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आता तेवीसचा हाय, आणि या वेळी मार आईला पडला.

ताय, ते पाकीट मी उघडलं होतं. भाताच्या वाफेवर. लहानपणीचा, रडतानाचा तुझा रिबीनवाला फोटो आत टाकायचा होता, ऑफिसवाले हसतील म्हणून. पण कागद फाटला, शिक्का पसरला. मी फोटो काढून घेतला. त्याच दिवशी कॉलेजात जाऊन दुसरं मागता आलं असतं. नाय गेलो. मनात आलं, पाकीट नाय पास झालं तर नाय, ताय परत तर येईल. मग डिंक लावला आणि आईला बोललो, इथेच लाव कुंकू, बरोबर तोंडावर, जास्त लाव. तिला काय म्हायती. आज हे पत्र घालायचं पाकीट घेऊन तिच्यासमोर बसलो, कुंकू लाव बोललो, तर तिने दोन्ही हात पदरात लपवले. परत अडेल रे पोरीचं, बोलली. तेव्हा सांगून टाकलं. तिने मला मासळीच्या टोपलीने हाणलं, मग टोपलीवरच बसून रडली. मग उठून कुंकवाचा करंडा आणला. हे पाकीट तर तुला फोडायचंच हाय, तरी तिने डाग तोंडावर नाय, कोपऱ्यात लावलाय, एकदम बारीक. मला काय शिव्या द्यायच्यात त्या दे, पण नंतर. आधी तिला फोन कर. दुपारी तीननंतर ती घरीच असते.

तुझाच कार्टा,
जीवन