सोळा सेकंदांची पाटी

सातपूर, नाशिक
१८ फेब्रुवारी २००३

तीर्थस्वरूप ज्ञानेशदादांस, आपल्या बहिणीचा, सुवर्णाचा, नवरा जयराम याचा साष्टांग नमस्कार (रागावलो असलो तरी पुऱ्या आठ अंगांचा).

सविता वहिनींचे गुडघे कसे आहेत? आपली कंपनी माझ्या गॅरेजपासून सायकलवर दहा मिनिटं, तरी पत्र टाकतोय. कारण फोन वहिनी उचलतात आणि त्यांच्यापुढे मला रडू येईल.

इकडे ठीक नाही. रविवारी शर्यतीच्या रस्त्यावर आपण जो पराक्रम केलात, त्यानंतर गॅरेजकडे कुत्रंही फिरकलेलं नाही. आपल्याला बोलावलं होतं ते पाहुणे म्हणून. नारळ फोडायचा, घड्याळाचं बटण दाबायचं, आणि मी सायलेन्सर बदललेल्या गाडीबद्दल गॅरेजच्या पाटीवर पाच वर्षं जे लिहिलंय, ‘चारशे मीटर, सोळा सेकंद’, ते गिऱ्हाइकांसमोर एकदा मोठ्याने म्हणायचं. पण आपण कंपनीतली पोलादी टेप घेऊन आलात (जावयाच्या कार्यक्रमाला कोणी टेप आणतं?) आणि ओणवे होऊन अख्खा रस्ता मोजलात. तीनशे दोन मीटर. आता अठ्ठ्याण्णव साली ते अंतर मी पावलांनी मोजलं होतं, पावलाला एक मीटर धरून. माझी उंची पाच फूट दोन इंच, हा काय माझा गुन्हा? तेव्हा रेघेवर घड्याळ धरायला उभा केलेला माझा मित्र गेणू रुमाल हलवत ओरडला होता, “लय पळाली राव, सोळात आली!” त्या एका वाक्यावर मी गॅरेज काढायला पक्की नोकरी सोडली. देवाने हाताला काहीतरी दिलंय असं वाटलं होतं, दादा.

बरं, रेघ शंभर मीटर पुढे सरकवून तरी आपलं समाधान व्हावं! नाही. चारही चाकांची हवा सारखी केलीत, सुवर्णाला वजनाचं कारण सांगून गाडीतून उतरवलंत (ती अजून माझ्याशीच बोलत नाही), आणि म्हणालात, “एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नसतो, जयरामराव.” तीनदा जाताना, तीनदा येताना, का, तर वारा आणि उतार. सरासरी साडेएकोणीस. इथेही थांबला असतात तर मी रस्त्याला दोष दिला असता. पण आपण मी बसवलेला सायलेन्सर उतरवून जुना लावायला लावलात, आणि गाडी एकोणीसमध्ये आली. म्हणजे पाच वर्षं मी लोकांच्या गाड्या हळू करून दिल्या, फक्त आवाज वाढवून. सगळे हसले. आपण हसला नाहीत, वहीत लिहून घेतलंत. ते जास्त लागलं.

वहिनींना नमस्कार. आपल्याला वर एकदा घातला आहे, तो सरासरी समजावा.

आपला,
जयराम

ता. क. आपल्या तपासणी विभागात एक जागा निघाली आहे असं ऐकलं. साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकाल का? चुकीचं कसं मोजतात हे मला पक्कं ठाऊक आहे.

दुसरा ता. क. खरं सांगतो. राजीनामा दिल्यावर आठवड्यानेच मी टेप घेऊन एकटा तिथे गेलो होतो. तीनशे दोनच भरले होते. परत कामावर घेईनात, म्हणून पाटी रंगवून घेतली. सुवर्णाला हे सांगू नका. ती अजून शेजारणींना सांगते आहे की दादाचीच टेप चुकली.