वहीतून गाळलेला मंगळवार

सर, तुम्हाला जाऊन वीसहून अधिक वर्षं झाली. परवा वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, नुसता बंद भाव पुरेसा नाही का?" आणि तुमचंच उत्तर माझ्या तोंडून आलं. शंभराला उघडलेला शेअर दिवसात एकशेदहापर्यंत चढतो, नव्वदपर्यंत घसरतो आणि पुन्हा शंभरावर बंद होतो; बंद भाव पाहणाऱ्याला वाटतं, काही घडलंच नाही. म्हणून रोजचा उच्चांक आणि नीचांक घ्यायचा, त्यांच्यातल्या अंतरावरून बाजार किती अस्थिर आहे ते ताडायचं.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी वाचनालयात बसून जुन्या वर्तमानपत्रांतून वर्षभराचे भाव उतरवले होते. तुम्ही वही चाळताय, मी टेबलासमोर उभी आहे. तुमचं बोट थांबतं.

"इथला मंगळवार कुठे गेला?"

"उच्चांक फारच वरचा होता, सर. छपाईची चूक असणार, म्हणून गाळला."

"असणार? अगं, सगळ्यात जास्त हललेला दिवसच काढून टाकलास, तर मग मोजलंस काय?"

पुढच्या रविवारी तुम्ही मला डभोईला घेऊन निघालात. एका दलालाकडे आयुष्यभर कारकुनी केलेले तुमच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथे राहत. रोजचे भाव टिपून ठेवायची त्यांना सवय होती. "डॉक्टरांनी दगदग नको म्हटलंय," तुमच्या घरून निघताना काकू दारात म्हणाल्या, तोवर तुम्ही चपला घातल्या होत्या. एस.टी.त जागा नव्हती. अर्ध्या रस्त्यापर्यंत तुम्ही दांडा धरून उभे होतात, कपाळावर घाम. त्या गृहस्थांनी वही उघडली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "भाव साचो छे, बेन." खरोखरच तेवढा चढला होता.

परतताना तुम्ही दमला होतात, पण समाधानी दिसत होतात. "वाईट वाटून घेऊ नकोस. तुला कुठे ठाऊक होतं?" म्हणालात. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही गेलात.

सर, मला ठाऊक होतं. वाचनालयातच दुसऱ्या वर्तमानपत्रात तोच आकडा मी पाहिला होता. त्या एका दिवसाने माझा नीटनेटका अंदाज पार बिघडत होता, म्हणून गाळला. डभोईला जायची गरजच नव्हती, हे मी त्या बसमध्येही बोलू शकले असते.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? काकू अजून त्याच घरी राहतात, माझ्या मांजलपूरच्या घरापासून स्कूटरने वीस मिनिटांवर. त्यांना तरी सांगावं म्हणून गेल्या रविवारी मी गेले होते. त्यांनी चहा केला, तुमच्या आठवणी काढल्या. मी चहा प्यायले आणि परत आले.