मेजरचं नाक आणि नंदाबाईंचा कोंबडा

१ जुलै, मंगळवार
आजपासून रोजनिशी. माझ्यावर होणाऱ्या अन्यायांची कुठेतरी नोंद हवी. आजचा अन्याय: मेजरच्या नाकावर ओरखडा. शेंड्यावर, मधोमध. पुणं सोडून टाकव्याला बंगला बांधला तो शांततेसाठी, आणि इथे माझं कुत्रंही सुरक्षित नाही.
मेजर गावठी आहे. मी ‘इंडी ब्रीड’ म्हणतो. गेल्या आठवड्यात त्याची भाकरी बंद करून परदेशी डाएट फूड सुरू केलं. मानसी म्हणाली, तोंड लावणार नाही. पहिल्या दिवसापासून ताटली लख्ख! बायकोचा अभ्यास कमी पडतो.

३ जुलै
खपली धरायच्या आत नवा ओरखडा. संशयित: शेजारच्या नंदाबाईंचा कोंबडा. उर्मट. पहाटे साडेचारला आरवतो. अर्थात, आरवण्याचा इथे संबंध नाही. मी फक्त पुरावे बघतो.

५ जुलै, शनिवार
मेजरला घेऊन लोणावळ्याला डॉक्टरांकडे. पावसाळी शनिवारी तिथे जाणं ही माझी चूक नव्हे, ट्रॅफिकची. शेजारच्या गाडीतल्या पोरांनी मेजरला कांदाभजी दिली. अख्खी पुडी संपवली. प्रवासातलं धरायचं नाही.
डॉक्टर म्हणाले, ही चोच नाही, घासल्याची जखम आहे; कुठे नाक घासतो का बघा. मी कोंबड्याचा स्वभाव समजावून सांगितला. ते खिडकीबाहेर बघत राहिले. तरुण आहेत. शिकतील.

६ जुलै
मलम लावलं. मेजरने चाटलं. पुन्हा लावलं. पुन्हा चाटलं. पोटातून लागू पडेल.

९ जुलै
नंदाबाईंकडे गेलो. अत्यंत सौम्यपणे सांगितलं, कोंबडा आवरा, नाहीतर ग्रामपंचायतीत अर्ज देईन. त्या म्हणाल्या, “ओ सायेब, तुमचं कुत्रं दिसलं की त्यो भिताडावर चढतोय, नाकाला कशाला जाईल? आन येवढ्या कोंबड्यांत त्यो येकच नर हाय. डांबून ठिवला तर पिल्लं कुटनं व्हायची?”
म्हटलं, मावशी, प्रश्न तत्त्वाचा आहे. तर म्हणतात, “व्हय का? आन हे तत्त्व पहाटचं आरवतंय जनू?”
घरी येऊन अर्ज लिहायला घेतला.

१४ जुलै
ताटली फारच लवकर रिकामी होते, म्हणून मेजरचा खुराक दुप्पट केला. ओरखडेही दुप्पट. कोंबडा हिंसक होत चाललाय. अर्ज देऊन आलो. भाषा फार छान जमली आहे.

२० जुलै, रविवार
आखाडातला शेवटचा रविवार. दुपारी नंदाबाई डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, “पंचायतीचा मानूस दोनदा येऊन गेला. लावनीच्या दिसांत कोन खेटे घालनार? कापला त्याला. आता तुमचं कुत्रं ऱ्हाऊ द्या सुखात. आन हे तुमीबी खावा.”
मानसीने खाल्लं नाही. मी खाल्लं. न्याय इतका चविष्ट असतो हे माहीत नव्हतं.

२१ जुलै
पहाट शांत. आठपर्यंत झोपलो.
मेजरच्या नाकावर नवा ओरखडा.

२२ जुलै
रात्रभराच्या पावसाने जास्वंदीखालची खडी वाहून गेली. शोभेसाठी मीच टाकून घेतली होती. खाली डाएट फूड. आजवरचं सगळं. फुगलेलं, बुरशी आलेलं.
बघत उभा होतो तेवढ्यात मेजर आला. तोंडातला आजचा खुराक खाली ठेवला आणि उरलेली खडी त्यावर लोटायला लागला. नाकाने. निवांतपणे. काम झाल्यावर माझ्याकडे बघून शेपटी हलवली.
मानसीने फक्त भाकरी थापायला घेतली.

२४ जुलै
मेजर भाकरीवर खूश. खपली धरतेय.
कोंबडा तसाही म्हातारा असणार.
मऊ शिजला होता. म्हणजे म्हातारा नव्हता. हे वरचं वाक्य खोडायचं आहे.

२७ जुलै, रविवार
कामशेतच्या बाजारातून तरणा कोंबडा आणला. मोठ्या आवाजाचा दे म्हणून विकणाऱ्याला मुद्दाम सांगितलं. पिशवीतूनच दोनदा आरवला. नंदाबाई लावणीला गेल्या होत्या. त्यांच्या परसात डालग्याखाली त्याला झाकून आलो. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून त्यांच्या डब्यात साखर भरली आणि पायरीवर ठेवला.
सोबत चिठ्ठी ठेवणार होतो. बराच वेळ लिहीत बसलो. अर्जासारखी भाषा जमली नाही.