वशिल्याविना खो-खो

१६ जून, सोमवार
शाळा उघडली. यंदा पी.टी.चा एकही तास नियोजनाशिवाय घ्यायचा नाही. गेली वीस वर्षं मुलींच्या हातात रिंग देऊन मी लिंबाखाली उभा राहत आलो. त्याला शिक्षण म्हणता येणार नाही. मी एम.पी.एड. आहे, सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि विचार करतो. या तिन्ही गोष्टी एकत्र असलेला दुसरा क्रीडाशिक्षक अमळनेर तालुक्यात असेलही, माझ्या पाहण्यात नाही. (हा गर्व तर नव्हे? स्वतःला विचारलं. नव्हे.)
संकल्प: मुलींकडून जे करून घेईन, ते आधी स्वतः करीन. उद्यापासून पहाटे धावणे.

१७ जून
धावलो नाही. धावण्याचंही आधी नियोजन हवं.

३ जुलै
दहावी 'ब'चा पहिला नियोजित तास. फळा मैदानात नेला. वॉर्म-अपची उद्दिष्टं लिहिली: ज्ञान, कौशल्य, अभिवृत्ती. अभिवृत्तीपाशी घंटा झाली. मुली अगदी शांत होत्या, म्हणजे विषय पोहोचला. फक्त मागच्या रांगेतली सुलक्षणा मध्येच उठून कुंपणापर्यंत पळत गेली आणि परत आली. विचारलं तर म्हणाली, पाय आखडला होता सर. पळते मात्र सुरेख. पाऊल वाजत नाही. तिला समजावलं की 'वेग' हा घटक सप्टेंबरमध्ये आहे, तोवर हळू पळावं.
गणिताचे छाजेड सर स्टाफरूममध्ये म्हणाले, तुमच्या तासाला मुली बसून राहतात, माझ्या तासाला पळून जातात, आपण वर्ग बदलून घेऊ. सगळे हसले. मीही हसलो. नवं काही करणाऱ्याला हे सोसावंच लागतं.

५ जुलै
गुडघा. मुलींपुढे लंगडत धावणं हा चुकीचा आदर्श ठरेल. संकल्प दिवाळीपर्यंत पुढे.

९ सप्टेंबर
'वेग' आला आणि मैदानात चिखल. वर्गातच घेतला. लेखी चाचणी. वेगाची व्याख्या लिहा. सुलक्षणाने लिहिलं, "मागचीच्या हाताला न लागणे." शून्य द्यावं लागलं. द्यावंसं वाटत नव्हतं, म्हणूनच दिलं. आवडत्या विद्यार्थिनीच्या बाबतीत माणसाने जास्त कडक राहावं.

११ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली. धावलो नाही (फराळ). पण मोठी बातमी. मुख्याध्यापिका प्रमिलाबाई मॅडमनी बोलावलं. डिसेंबरमध्ये जळगावला जिल्ह्याची खो-खो स्पर्धा आहे. धुळ्याच्या एका क्रीडा वसतिगृहाचे लोक तिथे मुली निवडायला येणार. निवड झाली की बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण त्यांच्याकडे. मॅडम म्हणाल्या, सर, ती पळणारी मुलगी आहे ना तुमच्याकडे, बाकी काही करू नका, फक्त तिला मैदानात उभी करा.
मला हे पटलं नाही. निवड शास्त्रीय हवी. शंभर गुणांची पद्धत तयार केली: उपस्थिती, गणवेश, नखं, शिस्त, लेखी, वेग. वेगाला दहाच गुण. वेग जन्मजात असतो, त्याचं श्रेय मुलीला देणं अन्यायाचं.
तरी, एकही दिवस गैरहजर नसल्याने, लेखीतलं शून्य धरूनही सुलक्षणा पहिली आली. मैदानावर तिला पकडायला तिघी लावल्या. खांबापाशी अशी वळली की तिघी एकमेकींवर आपटल्या.

१३ नोव्हेंबर
संस्थेचे अध्यक्ष हस्तीमलशेठ यांच्याकडून संघाला ट्रॅकसूट. मलाही एक. निळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. ही भेट आहे का, यावर बराच विचार केला. नाही. ट्रॅकसूट पदाला आहे, माणसाला नाही. बाजारात जाताना घातला, कारण पद बाजारातही सुटत नाही.
शेठची नात रुची माझ्याच वर्गात आहे. निवडीत सोळावी आली. संघ पंधराचा.  शेठ एवढंच म्हणाले, ट्रॅकसूट सोळा आणलेत सर, एक जास्तीचा असू द्या.

१६ नोव्हेंबर, रविवार
सुलक्षणाचे वडील रुपचंदभाऊ गावाहून आले. पिशवीभर हिरवी भरिताची वांगी आणली. आमना वावरना वांगा शेतस, भरीत करा, म्हणाले. मी नको नको म्हणेपर्यंत बायकोने, सुनंदाने, पिशवी आत नेली.
मग चहा घेताना म्हणाले, सर, पोर पयस बरी असं बठ्ठा म्हणतस, माले काय समजस त्यामा. जळगावले तिनी निवड व्हयनी ते धुयाले धाडसू, बारावीलोंग शिकी लेई. नहीं व्हयनी ते दहावी झायी का पोरगं देखी लगीन करी देसू. तुम्ही म्हणशात तसं.
मी म्हटलं, माझ्याकडे गुणवत्तेलाच स्थान आहे. त्यांनी हात जोडले.
संध्याकाळी काड्यांवर भाजलेलं भरीत, वर कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. तीनदा घेतलं.

१७ नोव्हेंबर, पहाट
झोप नाही. आधी वाटलं, भरीत. पण ते मन होतं. मी ज्या मुलीला निवडलं, तिच्या बापाची वांगी खाल्ली. निवड आधीची, वांगी नंतरची, हे मला ठाऊक आहे. पण जगाला कसं ठाऊक असणार? आणि मला तरी खात्री आहे का? तिचं पळणं मला सुरेख वाटलं, तेव्हा कुठेतरी मनात वांगी नसतीलच कशावरून?

१७ नोव्हेंबर, दुपार
सुलक्षणाचं नाव काढलं. फार जड गेलं. योग्य गोष्ट जडच जाते.
पंधरावी जागा नियमाने सोळाव्या मुलीला. म्हणजे रुचीला. यात मला आनंद नाही, दुःखही नाही. रुची एका हाताने क्लिप धरून पळते, पण नखं स्वच्छ असतात.
सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, वांगी पचल्यावर तत्त्व आठवलं का? तोंडात घास घालायच्या आधी आठवलं असतं तर पोरीचं नाव राहिलं असतं. शेठचा ट्रॅकसूट तेवढा धुवायला टाका, वास येतो. तिला पद आणि व्यक्ती यांतला फरक समजावला. ती भांडी घासायला उठली.

१८ नोव्हेंबर
सुलक्षणाला सांगितलं. म्हणाली, सर, माझं काय चुकलं? म्हटलं, चुकलं काही नाही, कारण तत्त्वाचं आहे, ते तुला सांगता येणार नाही. सांगितलं असतं तर तिच्या वडिलांचा अपमान झाला असता. म्हटलं, पुढच्या वेळी बघू. ती म्हणाली, सर, माझी पुढची वेळ कोणती? उद्धट नव्हती, खरंच विचारत होती. अशा वेळी शिक्षकाने मुलांना जबाबदारी द्यावी, असं मानसशास्त्र सांगतं. जळगावला सर्वांच्या चपला सांभाळायचं काम तिला दिलं.
मॅडमना कळलं.  बोलावून म्हणाल्या, कारण काय? म्हटलं, सचोटी. त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला.

४ डिसेंबर, जळगाव
हरलो. पहिल्याच फेरीत. रुची पळायला उतरली आणि लगेच बाद होऊन बाहेर आली, क्लिप मात्र जागेवर. पराभव अभिमानाने स्वीकारला. वशिला न लावता हरणारे संघ आज किती उरलेत?
एक नोंद करून ठेवतो. खेळ चालू असताना सुलक्षणा चपलांच्या ढिगापाशी उभी होती. आपल्या मुली धावायला लागल्या की तीही रेषेच्या बाहेरून त्यांच्याबरोबर पळायची. वळायची, हूल द्यायची, मागे कुणीच नसताना. प्रेक्षक हसत होते. धुळ्याच्या वसतिगृहाकडून निवडीला आलेल्या बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, रेषेबाहेरची ती मुलगी कोण? मी म्हटलं, ती संघात नाही. त्या म्हणाल्या, राखीव? म्हटलं, राखीवही नाही, चपला सांभाळते. त्या म्हणाल्या, मग आम्हाला तिला घेता येणार नाही हो, खेळलेल्यांतूनच घ्यावं लागतं. का नाही घेतलंत? मी म्हटलं, आमच्याकडे निवड काटेकोर असते.
परतीच्या एसटीत सुलक्षणाने चपला ज्याच्या त्याला दिल्या. एकही बदलली नव्हती. जबाबदारीचा प्रयोग यशस्वी.

१५ डिसेंबर
सुलक्षणा तासाला मागे बसते. पाय आखडत नाहीत आता. शिस्तीचे गुण वाढवले.

२२ डिसेंबर, सोमवार
रुपचंदभाऊ शाळेत आले. हात मोकळेच होते. वर्गाबाहेर, भिंतीपाशी उभे राहून बोलले. तक्रार केली नाही.
म्हणाले, सर, येता परवा पोरना लगननी सुपारी फोडानी शे. सोयरा शिरपूरना शेतस, मानसं बरा शेतस. पन तिनी माय आडी बसनी. म्हणस, पोरमा काहीतरी शे, एक वरीस थांबा. मी म्हणं, सरनी तिले काढी टाकं. सरले शेठनी नात आनि मन्ही पोर सारखीच. त्या मानूसनी काढं म्हणजे पोरमा दमच नहीं. मायनी सांगं, तुम्ही सरले इचारी या. तुम्ही म्हणशात दम शे, ते सुपारी ऱ्हाऊ देसू. बोला सर.
सुलक्षणा फाटकापाशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून.
मी बोलणार होतो. मनात वाक्यही तयार झालं होतं. पण पुढचा प्रश्न आलाच असता: मग काढलं का? तेव्हा वांग्यांचं सांगावं लागलं असतं. स्वतःच्या हाताने आणलेल्या पिशवीमुळे मुलीचं नुकसान झालं, हे एका बापाला सांगायचं? एवढा निर्दय मी नाही.
म्हटलं, हो भाऊ. दम थोडा कमीच पडत होता.
त्यांनी मान हलवली, पाया पडायला वाकले, मी अडवलं. त्यांच्या जिवाचा घोर गेला, चेहऱ्यावर दिसलं. मलाही बरं वाटलं.