कमांडर, बस!

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७
कालपासून घरात पिल्लू आहे. वय नऊ आठवडे. रंग पांढरा. एक कान उभा, दुसऱ्याचं अजून ठरलेलं नाही. नाव मी ठेवलं: कमांडर.
हिला कुत्रा नको होता. तुमच्याच्याने होणार नाही, म्हणाली. बावीस वर्षं लिफ्ट मेन्टेनन्समध्ये काढलेल्या माणसाला बायको असं म्हणते. दुपारी घेऊनच आलो.
टार्गेट: तीन आठवड्यांत संपूर्ण ट्रेनिंग. चार पानी कार्यपद्धती टाईप करून फ्रिजवर लावली. नियम पहिला: आज्ञा फक्त मी देणार. एका यंत्राला एकच ऑपरेटर. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. लेक नववीत आहे, तिने डोळे फिरवत सही केली. सासरेबुवा निवृत्त शिंपी. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आमच्याकडे असतात, मागच्या खोलीत, शिलाई मशीनसकट. त्यांनी दहा मिनिटं चष्मा शोधला आणि न वाचताच सही ठोकली. त्यांच्याकडून धोका नाही.

५ नोव्हेंबर
६.१० – बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरून शू कुठे करायची ते बोटाने दाखवलं. तीनदा. स्पष्ट शब्दांत.
६.४० – वर्तमानपत्र फाडलं.
६.५५ – शू. माझ्या ऑफिसच्या बॅगेत. बॅगेवर नाही, बॅगेत. चेन उघडी होती.
बॅग बाल्कनीपासून वीस फूट लांब. म्हणजे मुद्दाम चालत गेला. नऊ आठवड्यांच्या जिवात इतका कावेबाजपणा?

८ नोव्हेंबर
श्वानपालनाचं पुस्तक आणलं. रात्री दोन प्रकरणं वाचली. सकाळी तीन ते पाच प्रकरणं गायब. पाचवं आज्ञापालनाचं होतं. ते त्याच्या पोटात गेलं, डोक्यात नाही.

११ नोव्हेंबर
प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे लस. त्यांना माझी कार्यपद्धती दाखवली. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि आवाज खाली ठेवा, तो बसला की खाऊ द्या, असं सांगितलं. म्हणजे लाच. मी आयुष्यात कोणाला दिली नाही, कुत्र्यापासून सुरुवात करणार नाही. हे त्यांना ऐकवलंही. त्या हिच्याकडे बघून हसल्या. हीही हसली. मी बिल भरत असताना दोघी कोपऱ्यात बराच वेळ बोलत होत्या. बायकांचे विषय असावेत.

१३ नोव्हेंबर
डाव्या बुटाची जीभ खाल्ली. रॅकमध्ये चौघांचे जोड होते. बाकी तिघांच्या चपलांना दातही लागलेला नाही. ही म्हणते, वास ज्याचा जास्त त्याचा जोड. मी याला प्रेम मानायला तयार होतो, पण संध्याकाळी उजवाही खाल्ला.
ऑफिसातही निष्ठा उरलेली नाही. जूनपासून नवीन सिस्टिम बसवली आहे. कुठली लिफ्ट कुठे अडकली ते आता स्क्रीनच सांगते. पूर्वी लोक मला फोन करायचे. मोटरच्या आवाजावरून मी फोनवरच दोष सांगायचो. आता तक्रार रजिस्टर कोरं. मला काही फरक पडत नाही, उलट आराम आहे. फक्त नोंद करून ठेवतो.

१८ नोव्हेंबर. विजय!
संध्याकाळी ६.२०. हॉलमध्ये उभा राहून दमदार आवाजात म्हणालो, कमांडर, बस! आणि तो बसला! पहिल्याच फटक्यात! सासरेबुवा माझ्या मागे दाराशी उभे होते, एक बोट वर धरून. सुईत दोरा ओवत असावेत. साक्षीदार म्हणून बरे झाले. परत दोनदा करून दाखवलं. दोन्ही वेळा बसला. लेकीने टाळ्या वाजवल्या. हिचे डोळे पाणावले की काय असं वाटलं.
मी सांगत होतो.

१९ नोव्हेंबर
ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. माझा मेकॅनिक, ज्याला आम्ही पान्या म्हणतो कारण पाना त्याच्या खिशातून कधी बाहेर पडत नाही, त्याला ऐकताना एकदम खोकला आला. पाणी प्यायला गेला तो अर्धा तास आलाच नाही. हाताखालच्या माणसांना वरिष्ठांचं यश पचत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार
ही तिच्या लॅबमध्ये ड्यूटीला, लेक क्लासला, सासरेबुवा फिजिओथेरपीला. आज्ञा एक्केचाळीस वेळा दिली. शून्य. तो माझ्याकडे बघतच नव्हता, माझ्या मागे बघत होता. मी वळून पाहिलं, तिथे फक्त पडदा.
निदान: नजर कमजोर. डॉक्टरीणबाईंना दाखवायला हवं.
सहाला सगळे घरी आले आणि लगेच बसला. म्हणजे प्रेक्षक लागतात. कलाकार आहे.

२५ नोव्हेंबर
तीन आठवडे पूर्ण. मुदतवाढ दिली. स्वतःलाच दिली, त्यामुळे मंजुरीचा प्रश्न आला नाही.

६ डिसेंबर
सोसायटीच्या सेक्रेटरीबाई, तळमजल्यावरच्या, जिन्यात भेटल्या. पिल्लाच्या भुंकण्याबद्दल दोन घरांतून कुरकुर आली आहे, म्हणाल्या. मी त्यांना जागच्या जागी आव्हान दिलं. लसी पूर्ण झाल्या की १५ तारखेला, रविवारी सकाळी, फाटकापाशी प्रात्यक्षिक. पट्ट्याशिवाय. त्या म्हणाल्या, पट्टा असू द्या. मी म्हणालो, शिस्तीला पट्टा लागत नाही.
हिला सांगितलं तर भांडी घासता घासता थांबली. पट्टा लावा, म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाज वेगळा होता. विश्वासच नाही हिचा.

१४ डिसेंबर
उद्या कोणीही मध्ये यायचं नाही, अशी सक्त ताकीद. विशेषतः सासरेबुवांनी गुडघ्याला त्रास देऊन खाली उतरू नये. ते म्हणाले, बरं. हिने आणि त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रोज संध्याकाळी बघतात तसं.

१५ डिसेंबर. सकाळी ११
पिल्लू अजून मांडीवरून उतरवलेलं नाही. अक्षर वाकडं येईल.
सेक्रेटरीबाई आणि पाच-सहा शेजारी आले. पट्टा काढला. कमांडर, बस. तो माझ्या मागे बघायला लागला. मागे भिंत. परत म्हणालो. तेवढ्यात पाण्याच्या टँकरसाठी वॉचमनने फाटक उघडलं आणि हा सुटला.
मी ओरडत मागे धावलो. कमांडर! कमांडर! जितका ओरडलो तितका तो पळाला, त्याला खेळ वाटला असणार. रस्त्यावर समोरून टेम्पो येत होता. वेगात. पिल्लू सरळ त्याच्यासमोरच निघालेलं. मी ओरडणं सोडून नुसता धावलो.
मागून कोणीतरी म्हणालं, बोळा, बस.
ओरडून नाही. शिंपी छातीचं माप घेताना गिऱ्हाइकाला श्वास सोडा म्हणतो ना, तसं. सासरेबुवा फाटकात उभे होते, काठी टेकून, एक बोट वर.
पिल्लू जागच्या जागी बसलं. रस्त्याच्या कडेला, बोटाकडे बघत. टेम्पो हातभर अंतरावरून गेला. त्याच्या कानाचे केस उडाले, ते मला दिसले.
उचलून घेतलं. त्याचं काळीज फडफडत होतं की माझं, कळलं नाही. सेक्रेटरीबाई सासरेबुवांना म्हणाल्या, तुमचा बोळा किती हुशार आहे हो.

१५ डिसेंबर. दुपारी १
बोळा कोण?
घरात विचारलं. ही सिंकमध्ये बघायला लागली. लेक बाथरूममध्ये गेली, अजून बाहेर आलेली नाही. सासरेबुवा म्हणाले, जावईबापू, आधी पाणी प्या.

१६ डिसेंबर
लेकीचा फोन टेबलावर होता. मेसेज आला, स्क्रीन उजळली. ग्रुपचं नाव: बोळा.
दुसऱ्याचा फोन बघू नये, हे मीच तिला शिकवलं आहे. बघितला.
सहा मेंबर. ही. लेक. सासरेबुवा, ज्यांचा फोन फक्त कॉल घेण्यापुरता आहे असं मला सांगण्यात आलं होतं. डॉक्टरीणबाई. सेक्रेटरीबाई. आणि पान्या. माझा पान्या! त्याच्या घरी तीन कुत्री आहेत म्हणे. बावीस वर्षांत मला माहीत नव्हतं.
ग्रुप ६ नोव्हेंबरचा. म्हणजे पिल्लू घरी आल्यावर तीन दिवसांत माझा निकाल लागला होता.
वरपासून वाचत गेलो. बाबा निघाले, सुरू करा. आज आजोबांच्या बोटावर बसला. कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो म्हणून बोळा, आणि कमांडर हाक मारली की पलंगाखाली जातो, कारण ती हाक म्हणजे ओरडा, हे त्याला कळलंय.
१८ नोव्हेंबरला लेकीने लिहिलंय, आज बाबांसमोर बसवला, आजोबा मागे उभे राहिले, बाबा दोनदा जेवले. त्याखाली पान्या: साहेब उद्या ऑफिसात सांगतील, मी हसणार नाही. त्याखाली ही: आता रोज संध्याकाळी कोणीतरी मागे उभं राहा. फार दिवसांनी माणूस घरात हसला.
इथे वाचायचं थांबलो.
माझ्या एकाही आज्ञेवर तो बसला नव्हता. एकाही नाही. मी आपला दीड महिना हॉलमध्ये उभा राहून हुकूम सोडतोय आणि माझ्या पाठीमागे सगळं घर बोट वर करून उभं.

१७ डिसेंबर
असहकार. पिल्लाशी बोलणं बंद. घरच्यांशी कामापुरतं. फ्रिजवरची चार पानं काढली.
पान्याला आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यांची साफसफाई दिली. गपचूप निघाला. दाराशी थांबून म्हणाला, साहेब, तुम्ही परत शीळ वाजवायला लागला होतात, मग कोण कशाला सांगेल. मी म्हणालो, खड्डा नीट पूस.

१८ डिसेंबर
असहकाराचा दुसरा दिवस. पिल्लाच्या लक्षात आलेलं नाही.

१९ डिसेंबर
शेवटी हिला सरळ विचारलं, का केलंत? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पिल्लू परत देऊन आला असता. म्हणाली, जूनपासून तुम्ही घरी येऊन नुसते भिंतीकडे बघत बसत होता. कितीदा विचारलं, तर म्हणे मला काही फरक पडत नाही. घरात तुमचा आवाज परत आला तो त्या पिल्लावर ओरडताना. मला कुत्रा नको होता, पण तो आवाज हवा होता.
मग म्हणाली, रविवारी पट्टा लावा असं मी दोनदा सांगितलं. तेव्हाच सगळं खरं सांगून टाकायला हवं होतं. ती चूक माझी.
मी दोन घड्या घातल्या. तिने त्या उलगडून परत घातल्या.
तरीही फसवणूक ती फसवणूकच. माझी नोंद कायम.

२२ डिसेंबर, रविवार
सासरेबुवांनी मागच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं, लेकीला कळायला नको म्हणून. ही त्यांची माणुसकी. म्हणाले, तुम्ही एक शब्द अकरा वेळा म्हणता, त्याने नेमक्या कितव्याला बसायचं? एकदाच म्हणा. मग थांबा.
थांबणं अवघड आहे. त्यांनी घड्याळ लावून मला थांबायला शिकवलं. दहा सेकंद. मी चौथ्या सेकंदाला परत बस म्हणालो. पिल्लू तेवढ्या वेळात त्यांची मापपट्टी अठरा इंचांपर्यंत चावून बसलं होतं.
मी स्पष्ट केलं की बोळा हे नाव मी घेणार नाही. ते म्हणाले, नका घेऊ, नुसतं बोट दाखवा. बोट दाखवलं. त्याने जांभई दिली.

२७ डिसेंबर
बाथरूममध्ये नळ सोडून हळूच म्हणून पाहिलं. बोळा. बोळा. तोंडाला विचित्र वाटतं. बाहेर आलो तर तो दाराशी शेपूट हलवत उभा. ऐकलं असावं. मी टॉवेल वाळत घालायला निघून गेलो.

३० डिसेंबर
पान्याला खड्ड्यातून वर घेतलं. त्याने बिस्किटांची पुडी दिली, त्याची तीन कुत्री यावर बसतात म्हणे. मी ती कपाटात ठेवली. ही लाच नाही. साहित्य आहे.

५ जानेवारी, रविवार. सकाळी ९.२०
सविस्तर लिहितो, कारण आज खरी गोष्ट घडली.
बाल्कनीत खुर्ची टाकून बसलो होतो. थंडी बरीच. हाक मारली नव्हती, बोट नाही, बिस्किट नाही, मागे कोणी नाही. तो आपणहून आला. माझ्याकडे एकदा पाहिलं, माझ्या डाव्या पावलावर हनुवटी ठेवली आणि झोपला. सगळं घर मोकळं असताना, सासरेबुवांची खोली उघडी असताना, माझ्या पायावर.
मी पंचवीस मिनिटं हललो नाही. पाय बधिर झाला. फोन वाजला, घेतला नाही.
९.२५ – ही चहा घेऊन आली. मी नुसतं पायाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, हो, सकाळी तिथेच ऊन येतं, रोज त्याच फरशीवर झोपतो.
मी म्हणालो, असं काही नाही.
९.३० – ती आत गेल्यावर तपासणी म्हणून पाय हळूच काढून घेतला आणि खुर्ची दोन फूट सावलीत सरकवली. तो उठला नाही. हनुवटी फरशीवर टेकवली आणि उन्हातच पडून राहिला.
९.४० – सावलीत गार वाजतं.
९.४५ – खुर्ची उचलून परत उन्हात आणली, आवाज न करता. पाय होता तिथेच ठेवला.