आक्काच्या भाकऱ्या

२ सप्टेंबर १९८५
बेंगळूरहून ट्रेनिंग घेऊन परतलो. विषय: गुडघे झिजलेल्यांना वजन उतरवायला फिजिओथेरपिस्टनं मदत कशी करावी. मॅडम तीन दिवस एकच सांगत होत्या. आधी विचारा, मग ऐका, मग बोला. मला ऐकावं लागत नाही. पेशंट दारातून आत येतानाच मला कळतो. आता चार ज्युनिअरना मी शिकवणार. संकल्प: दिवाळीपर्यंत बेळगावचे गुडघे हलके.

९ सप्टेंबर
पहिला क्लास. ऐकण्याचं महत्त्व यावर दीड तास बोललो. भरमू नावाचा ज्युनिअर मध्येच काही विचारत होता. थांबवला.

१६ सप्टेंबर
प्रात्यक्षिकासाठी निपाणीहून आक्काला बोलावलं. सख्खी थोरली बहीण. दिवसभर मांडी घालून विड्या वळते. हल्ली उठताना दोघींनी धरावं लागतं. मांडी सुटली की काम सुटलं, ही तिची धास्ती. घरचीच केस, संकोच कसला? काट्यावर उभी केली, आकडा चौघांना मोठ्यानं ऐकवला. ब्याऐंशी. दिवसाला भाकऱ्या किती, तेही सगळ्यांसमोर विचारलं. पदर सारखा करत राहिली. वहीत लिहिलं: असहकार. दोन भाकऱ्यांवर आणली.

४ ऑक्टोबर
आक्का तपासणीला आली. पाच किलो खाली! ज्युनिअरना टाळ्या वाजवायला लावल्या. गुडघा तसाच, पण त्याला वेळ लागतो. हॉस्पिटलच्या जिन्यात भोवळ आली, ती बसच्या प्रवासानं. बायको म्हणते, वन्सं एकही भाकरी धड खात नसणार. बायकोनं ट्रेनिंग घेतलेलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार
निपाणीला अचानक तपासणी. आक्का घरीच सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. डोळे खोल गेलेले. खातेस काय, विचारलं. मान वर न करता म्हणाली, "तू कॉलेजात हुतास तवा मी एक भाकर कमीच खायाची रं. तवा कुणी मोजली न्हाय. आता चार पोरांम्होरं मोजलीस."
पेशंट भावनिक होतात. हे ट्रेनिंगमध्ये होतं. चहा विचारला नाही. साखर आपोआप टळली.

५ नोव्हेंबर
भरमूचं गाव निपाणीजवळचं बोरगाव. दर रविवारी जाता-येता आक्काकडे थांबतो म्हणे! तासभर तिचं ऐकत बसतो. दोन वेळा पोटभर जेवायला सांगितलं. स्टुलावर बसून वळायची सोय करून दिली, पायाचे व्यायाम शिकवले. वजन विचारलंच नाही. ही शिस्त? मेमो द्यायचा.

१४ नोव्हेंबर, भाऊबीज
सकाळपासून पाट मांडलेला. दुपारी कळलं, आक्का हॉस्पिटलात आलीय, भरमूकडे. मुद्दाम गेलो नाही. घर दहा मिनिटांवर, ओवाळायला येईलच. तेवढ्यात मेमोचा मजकूर जुळवला.

संध्याकाळी ५
भरमू आला. आक्का चारच्या बसनं गेली. जिना एकटी उतरली म्हणाला.
मेमो खिशातच राहिला. त्याला बस म्हटलं. काय म्हणाली ते सांग, मी ऐकतो म्हटलं.
उभाच राहिला. म्हणाला, "ते त्यांनी मला सांगितलंय, सर."
तो गेल्यावर बायकोनं पाट उचलला.