ऊन चुलीपाशी येईपर्यंत

नाना, तुम्हाला माहीत होतं असा मला संशय आहे. कशाबद्दल, ते पुढे येईलच. मी कारकुनाची मुलगी आहे, कागद क्रमाने लावल्याशिवाय मला मुद्द्यावर येता येत नाही. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. संस्थान गेलं, तुमची कचेरी गेली, भोरात पिठाची गिरणी आली. माझी जीभ मात्र तीच आहे, फक्त आता ती छापून येते. एका साप्ताहिकात दर आठवड्याला मी कुणाची तरी खोडी काढते आणि लोक हसतात. या वेळी संपादकांनी आरोग्य-अंकाचा घाट घातलाय आणि मला विषय दिलाय, कुटुंबाची निकोप झोप. सोबत चार पुस्तिका पाठवल्यात. एकीत लिहिलंय, कुटुंबातील सर्वांनी ठरल्या वेळी निजावे आणि ठरल्या वेळी उठून कोमट पाणी प्यावे. सर्वांनी! असलं वाक्य दिसलं की मी आधी त्याचे खिसे तपासते. पाणी कोमट करायला जी उठते ती 'सर्वां'त धरलेली नाही, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही, कारण त्याला जन्मभर पाणी आयतंच कोमट मिळालंय. त्या वाक्यापाशी माझा लेख अडला आणि हे पत्र सुरू झालं. झोपेचे नियम म्हटले की मला तुमच्या हातचा तो कागद दिसतो.

वेल्ह्याच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीला तो चिकटवलेला होता, धुराने पिवळा पडलेला. तुमची तिकडे बदली झाली आणि आपण मार्गासनीवरून बैलगाडीने हाडं खिळखिळी करून घेत पोचलो, त्याच आठवड्यात तुम्ही तो लिहिलात. तोही मोडीत. मोडी आम्हा मुलांना येत नव्हती, म्हणजे नियम तुमचे आणि अर्थही तुमचाच, अपिलाची सोय नाही. दिवेलागणीनंतर चहा बंद. जेवल्यावर ओसरीवर शंभर पावलं. अंथरुणात शिरल्यावर कचेरी, दुखणी आणि माहेर यांबद्दल बोलायचं नाही. हे सगळं आम्ही सोसलं. शेवटचा नियम मात्र जगावेगळा होता. कौलातलं ऊन चुलीपाशी येईपर्यंत कुणीही अंथरूण सोडायचं नाही. गावातली पोरं तांबडं फुटताना गुरांमागे निघत, आणि कारकुनाची तीन मुलं डोळे टक्क उघडे ठेवून गोधडीखाली पडून असत.

"आणि जाग आली तर?" मी विचारलं होतं.

"झोपल्याचं सोंग करावं. सोंग करता करता येते."

"आणि नाही आली तर?"

"मग सोंग तरी नीट वठतं," तुम्ही म्हणालात आणि पगडी चढवून कचेरीत गेलात.

नियम कुणासाठी आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. आमचा धाकटा भाऊ भोरला तापात गेला आणि तेव्हापासून आईची झोप गेली. ती आडवी व्हायची, निजायची नाही. जरा डोळा लागायचा तो पहाटे. मग दिवसा कुठेही पेंगायची. दूध उतू जायचं, आणि वेल्ह्याला येण्याआधी एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या तिचा पदर पेटला. तुम्ही कचेरीत होतात, घागर मी ओतली. त्यानंतर तुम्ही तिला भोरच्या डॉक्टरांना दाखवून आणलंत. ते म्हणाले, याला माझ्याकडे बाटली नाही. पहाटेची झोप येते ना, तेवढी कुणी मोडू नका, तिला धरून बाकीची येईल. तुम्ही ते सरकारी हुकमासारखं शिरसावंद्य मानलंत. एवढं आम्हाला माहीत होतं. पण मग पहाटेचं दळण कोण दळतं, हा प्रश्न मला पडला नाही. पीठ डब्यात असतं, इतकंच माझं ज्ञान. त्या पुस्तिकेवाल्याला हसताना मी जरा जपून हसते, ते यासाठी.

प्रश्न पडला तो पलीकडच्या मावशींना. त्या माहेरच्या पासलीच्या, दिल्या वेल्ह्यात, भातशेती आणि चार म्हशींच्या संसारात बुडलेल्या. दुपारी कुंपणाच्या फटीतून आपल्या परसात येत आणि आईजवळ पाय पसरून बसत. आईशी मोठ्याने बोलणारं, तिला हसवायला बघणारं त्या गावात तेवढं एकच माणूस होतं.

"वैनी, तुमचं जातं मुकं का वो?" एके दुपारी त्यांनी विचारलं. "फिरतंय ते ऐकू येतं मला. पन ववी न्हाई."

आईने निवडायचे तांदूळ उगाच पुन्हा चाळले. "मला येत नाहीत ओव्या."

"न्हाई येत? मंग माझ्याकडनं घ्या की! लई हायत. सासूवर पायजेत का नवऱ्यावर?"

आई हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. जाताना मावशी मला मात्र हळूच म्हणाल्या, "पोरी, मुकं जातं बरं न्हाई. घरात कायतरी हाय तुमच्या."

झालं. त्या दिवसापासून मी घरात पाळत ठेवली. मावशींना भुताचा संशय होता, मला लोण्याचा. आम्हाला गोधडीखाली कोंडून तुम्ही पहाटे एकटे शिंकाळ्यावरचं लोणी खाता, अशी माझी खात्री झाली होती. नियम करणारा माणूस नियमाआड काहीतरी खात असतोच, हे माझं मत अकराव्या वर्षी बनलं ते अजून बदलायची वेळ आली नाही. एका पहाटे मी उठले. गावभर जाती फिरतायत, घराघरातून बायकांचे आवाज येतायत, आणि आपल्या माजघरात तुम्ही एक पाय पसरून, एक दुमडून, बायकांसारखे जात्याशी बसलेले. खुंटा दोन्ही हातांत. कानाला उपरणं. मिशा पिठाने पांढऱ्याफेक. ओठ हलत होते. मी कान दिला तर तुम्ही एकोणतिसाचा पाढा म्हणत होतात. बाजूच्या खोलीत आई निजलेली, तोंड उघडं टाकून, मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती. मी परत जाऊन गोधडीत शिरले. सोंग नीट वठवलं.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी सगळ्या वेल्ह्यात एक वाक्य फिरत होतं: कारकुनाच्या जात्याला मिशा आहेत, ते ओवी कुठून म्हणणार? मिठाच्या दुकानात फिरलं, चावडीवर फिरलं, संध्याकाळी कचेरीत पोचलं. तुमच्या साहेबांनी म्हणे सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो, आज नाचणी की तांदूळ?" आणि शिपायापासून सगळे हसले. तुम्ही घरी आलात, पगडी खुंटीला लावलीत आणि जेवायला बसला नाहीत. दुसऱ्या पहाटे जात्याची घरघर सुरू झाली तेव्हा तिच्यासोबत ओवी होती. आईचा आवाज, बारीक, मावशींच्याच चालीवर, मध्येच तुटणारा. कागद भिंतीवर तसाच राहिला, पण त्यातला शेवटचा नियम तुम्ही पुन्हा कधी उच्चारला नाहीत.

त्यानंतर तुम्ही चौकशी केलीत. आम्हा तिघांना ओळीत उभं करून, कचेरीत करता तशी. "कुणी पाहिलं?" थोरला म्हणाला, ठाऊक नाही. मधली रडली. मी म्हणाले, "मावशी पहाटे परसात येतात, राख न्यायला." वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. येत होत्या. तुम्ही त्याच दिवशी करवंदीच्या काट्या आणून कुंपणाची फट बुजवलीत. मावशी पलीकडून म्हणाल्या, "भाऊसाहेब, शपथ हाय, म्या कुनाला काय बोलले न्हाई." तुम्ही काटी दाबून बसवत राहिलात. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग घमेलं उचलून आत गेल्या. त्यानंतर दुपारी आईशी बोलायला कुणी आलं नाही. पदर पुन्हा पेटला नाही, एवढंच तुमच्या डॉक्टरांचं यश. पहाटेच्या झोपेला धरून बाकीची यायची होती, ती मात्र आली नाही. होती ती पहाटेचीही गेली.

महिनाभराने तुम्ही कामासाठी भोरला गेलात आणि माझ्यासाठी एक कोरी वही आणि शिसपेन्सिल घेऊन आलात. थोरल्याला नाही, मधलीला नाही. मला. "सुचेल ते यात लिहीत जा," तुम्ही म्हणालात. आणि वर म्हणालात, "बोलत जाऊ नको." आवाज चढलेला नव्हता. मी तो प्रसंग किती वेळा उलटसुलट करून पाहिला असेल, नाना! ते बक्षीस होतं की निकालपत्र? जात्याला मिशा ही कल्पना मीठवाल्याच्या घरची नव्हे, आपल्याच घरची आहे, हे तुम्हाला, आयुष्यभर दुसऱ्यांचे मसुदे वाचणाऱ्या माणसाला, कळलं नसेल? आणि कळलं होतं, तर मग काट्या का काढल्या नाहीत? माझी अब्रू राखायला मावशींची घालवलीत? की तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं, आणि वही ही नुसती वही होती? तुमच्यावर कसलाही आरोप ठेवला तरी तो निम्मा माझ्याकडेच परत येतो, म्हणून हे प्रकरण इतकी वर्षं दप्तरात पडून आहे.

तर नोंद करते. मावशी नव्हत्या. मी होते. पाणवठ्यावर सात-आठ बायका होत्या, मावशी त्यांतच. कुणीतरी पुन्हा मुक्या जात्याचा विषय काढला, आणि मी घागर खाली न ठेवता ते वाक्य बोलले. त्या इतक्या हसल्या की एकीची कळशी कलंडली. मावशी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पोरी, गप." तोवर उशीर झाला होता, आणि मला गप बसायचं नव्हतं. मी काही बोलल्यावर माणसं अशी हसतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं. मावशींनी माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. तुमच्यापाशी नाही, आईपाशी नाही.

ही दुपारची वेळ आहे. आई माझ्यासमोर डाव्या कुशीवर पडलीय, डोळे मिटून. गिरणी आली, दळायला घरात दाणा राहिला नाही, तरी ती पहाटे चारला उठून बसते आणि दिवसभर आमच्यासाठी झोपल्याचं सोंग करते. तुमची विद्या तिला पुरती लागली. मघाशी तिने डोळे न उघडता विचारलं, "काय लिहितेस गं एवढं?"

"झोपेवर लेख."

"बरं," ती म्हणाली. "विनोदी आहे ना?"

लेख उद्या वेगळा लिहीन. हे कागद तुमच्या त्या वहीत घालून ठेवते. तिची शेवटची पानं अजून कोरी आहेत. आईला वाचून दाखवायचं धैर्य मला नाही, आणि त्याचं कारण ती रडेल हे नाही. मिशांच्या त्या वाक्यापाशी ती हसेल, आणि मला बरं वाटेल. कारण खरं सांगायचं तर, नाना, वाक्य चांगलं होतं. मला ते अजूनही चांगलं वाटतं.